एका छपराखाली चार धर्म

आमच्या गावच्या घराच्या ओसरीवर, खिडकीशेजारी एक कोनाडा होता. १९७४ सालापासून त्या कोनाड्यात एक कपबशी आणि एक पितळी तांब्या ठेवलेला असे. कपबशी चांगली होती. निळ्या काठाची, कुठे टवका न उडालेली. पण ती कधी घरात येत नसे. ती माझ्या थोरल्या बहिणीची होती. ताईने त्या वर्षी बाप्तिस्मा घेतला होता.

धर्मश्रद्धा आणि परधर्माविषयीची सहिष्णुता या विषयावर बोलायचे तर मोठमोठी नावे घेता येतात. अशोकाचे शिलालेख आहेत, अकबराचा इबादतखाना आहे. शाळेत तीस वर्षे इतिहास शिकवताना ती मी पुष्कळदा घेतली आहेत. पण राजाची सहिष्णुता ही दरबारातली गोष्ट. आपल्यासारख्यांची परीक्षा होते ती घरात, जेवणाच्या पंगतीत. म्हणून आज मी दरबाराविषयी बोलणार नाही, घराविषयी बोलणार आहे. त्या कपबशीकडेही परत येईन. त्याआधी थोडे मागे जाऊ या.

१८४९ साली पुण्यात एका बापाने आपल्या मुलाला आणि सुनेला घराबाहेर काढले. मुलाचे नाव जोतीराव फुले, सुनेचे सावित्रीबाई. गुन्हा एवढाच, की दोघे मुलींना आणि अस्पृश्यांच्या मुलांना शिकवत होते. गोविंदराव काही दुष्ट नव्हते. पोटच्या पोराला त्यांनीच इंग्रजी शाळेत घातले होते. पण लोक बोलू लागले, दबाव वाढला, आणि त्यांनी सांगितले, शाळा सोडा नाहीतर घर सोडा. दोघांनी घर सोडले.

पुढे जवळजवळ चाळीस वर्षांनी, १८८८ साली जोतीरावांना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले. तेव्हा त्यांनी डाव्या हाताने लिहायला घेतले, आणि त्यातून ‘सार्वजनिक सत्य धर्म पुस्तक’ तयार झाले. २८ नोव्हेंबर १८९० रोजी ते गेले. पुस्तक छापून निघाले १८९१ साली, त्यांचा दत्तक मुलगा यशवंत याच्या खटपटीने.

हे पुस्तक प्रश्नोत्तरांच्या रूपात आहे. त्यात एके ठिकाणी जोतीराव एका कुटुंबाचे चित्र काढतात. घरातल्या बाईने बौद्ध धर्माचे ग्रंथ वाचावेत आणि पटल्यास तो धर्म घ्यावा. तिच्या नवऱ्याने बायबल वाचून हवे तर ख्रिस्ती व्हावे. त्यांच्या मुलीने कुराण वाचून हवे तर मुसलमान व्हावे. आणि मुलाने सत्यधर्माचे पुस्तक वाचून हवे तर सत्यधर्मी व्हावे. मात्र या सगळ्यांनी एकमेकांच्या धर्माचा हेवा किंवा द्वेष न करता, आपण एकाच निर्मिकाची लेकरे आहोत असे समजून, प्रेमाने एकत्र नांदावे.

इथे दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. पहिली, या घरात निवड करण्याचा हक्क बापापुरता नाही. बायकोला आहे, मुलीला आहे, आणि त्यांचे नाव आधी किंवा बरोबरीने आले आहे. ज्या काळात मुलीला नवरासुद्धा निवडता येत नव्हता, त्या काळात हा माणूस तिने धर्म निवडावा म्हणतो, आणि तोही वाचून, समजून. दुसरी गोष्ट, ज्याला बापाने घराबाहेर काढले होते त्याने, आयुष्याच्या शेवटी, कोणालाच बाहेर काढावे लागणार नाही असे घर कागदावर बांधले. या दोन्ही गोष्टींचा संबंध त्यांनी स्वतः कुठे जोडला नसेल, पण मला तो दिसतो.

जोतीराव सगळ्या धर्मांना सारखेच गोड म्हणणारे नव्हते. धर्मग्रंथांवर त्यांनी केलेली टीका आजही अनेकांना झोंबते. मिशनच्या शाळेत ते शिकले, मिशनऱ्यांशी त्यांची मैत्री होती, बाबा पदमनजींसारखा त्यांचा मित्र १८५४ साली ख्रिस्ती झाला. स्वतः जोतीराव झाले नाहीत. पण पंडिता रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर महाराष्ट्रात जो गदारोळ उठला, त्यात १८८५ साली ‘सत्सार’ काढून रमाबाईंची बाजू घेणारे जोतीरावच होते. आपल्याला जायचे नाही त्या वाटेने दुसऱ्याला जाऊ द्यायचे आणि वर त्याच्यासाठी भांडायचे, याला मी सहिष्णुता म्हणतो. ‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ असे म्हणून विषय मिटवणे सोपे असते. ते खरोखर एकच सांगत असते तर सोसायचे काय होते?

आता तुम्ही म्हणाल, असे घर कागदावरच शोभते. तर मग खऱ्या घराकडे जाऊ. ते आमच्याच जिल्ह्यात होते. तेव्हाचा अहमदनगर, आजचा अहिल्यानगर.

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळक यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांची पत्नी लक्ष्मीबाई. तिचे वडील इतके सोवळे पाळणारे, की बाजारातून आणलेले जिन्नससुद्धा धुऊन घरात घेत. अशा घरची लेक, आणि नवरा ख्रिस्ती झालेला. तिची काय अवस्था झाली ते तिनेच ‘स्मृतिचित्रे’मध्ये लिहून ठेवले आहे. पुस्तकाचा पहिला भाग १९३४ साली निघाला. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी जरूर वाचावे.

त्या काळी कायदा काय सांगत होता तेही पाहण्यासारखे आहे. १८५० च्या एकविसाव्या कायद्याने धर्म बदलला किंवा जातीबाहेर टाकले म्हणून कोणाचा वारसाहक्क जाणार नाही अशी तजवीज केली होती. आणि १८६६ च्या कायद्याने, ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्या कारणासाठी नवऱ्याने किंवा बायकोने सोडले, तर त्याला कोर्टात जाता येत होते, आणि जोडीदार नांदायला तयारच नसेल तर लग्न मोडून घेता येत होते. म्हणजे जमिनीची सोय कायद्याने केली होती आणि काडीमोडाचीही केली होती. दोघांनी मिळून राहायचे कसे, हे मात्र कुठल्याच कायद्यात लिहिले नव्हते.

टिळकांनी कोर्टाची वाट धरली नाही. ते थांबले. लक्ष्मीबाई काही वर्षे माहेरच्या माणसांत राहिल्या. थोरल्या बहिणीने आणि मेहुण्यांनी त्यांना सांभाळले, आणि टिळकांशी असलेला धागाही तोडला नाही. पुढे त्या टिळकांकडे आल्या, त्या आपले सोवळेओवळे घेऊन. नवरा ख्रिस्ती, बायको हिंदू, चूल तिच्या नियमांची. राहुरीला असताना एकदा त्यांच्या मनाने घेतले की ही जातपात देवाने केलेली नाही, माणसानेच केली आहे, आणि त्यांनी कोणाच्याही हातचे खायचे ठरवले. आधी शिवाशीव सुटली, धर्म नंतर बदलला. १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. आधीची पाच वर्षे ओढून नेणारे कोणी असते तर त्या गेल्या असत्या का, याविषयी मला शंका आहे.

टिळक तरी मागचे सारे टाकून कुठे गेले? तुकोबांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो असे ते सांगत. ख्रिस्ताची भक्ती त्यांनी अभंगांतून गायली. १९१७ साली मिशनपासून वेगळे होऊन त्यांनी साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही तिथे दार उघडे होते. धर्म बदलला तरी भाषा, गाणे आणि माणसे सुटत नाहीत, हे आपण विसरतो.

आता त्या कपबशीकडे येतो.

आमचे आण्णा माळकरी. आषाढीची वारी त्यांनी बावीस वर्षे चालून केली. वारीत ते सगळ्यांच्या पाया पडत, जात विचारत नसत. ताई दवाखान्यात परिचारिका होती. तिने बाप्तिस्मा घेतला तेव्हा आण्णांनी आरडाओरडा केला नाही, तिला हाकलूनही दिले नाही. एवढेच म्हणाले, “येत जा. पण ओसरीपर्यंत.” गावात लोक म्हणत, बघा, आण्णा किती मोठ्या मनाचे. आम्हालाही तसेच वाटे.

ताई येत राहिली. वारीहून आण्णा तिच्या मुलांसाठी चुरमुऱ्यांचा प्रसाद आणत. तो घेऊ नये असे तिला तिच्या मंडळीतल्या काहींनी सांगितले होते. ती म्हणे, “वडलांनी चालत जाऊन आणलाय, मी कशी नको म्हणू?” नाताळात ती करंज्यांचा डबा पाठवी. तो आई उघडी. आण्णांनी त्यातले कधी खाल्ले नाही.

१९९० साली जोतीरावांची स्मृतिशताब्दी होती. गावातल्या शाळेत माझे भाषण ठेवले होते. मी ते चार धर्मांचे कुटुंब अगदी रंगवून सांगितले. टाळ्या पडल्या. ताई मुद्दाम आली होती, मागच्या बाकावर बसली होती. संध्याकाळी आम्ही ओसरीवर चहाला बसलो. मी घरातल्या कपात, ती कोनाड्यातल्या. चहा संपवून तिने कप पाण्याने विसळला, पालथा घातला आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, “भाषण चांगलं झालं रे. त्या घरात चहा कशात द्यायचे?”

मी काही बोललो नाही. खरे सांगायचे तर सोळा वर्षांत तो कप मला दिसलाच नव्हता. वर्गात मी जोतीराव शिकवत होतो, आणि घरी बहिणीचा कप कोनाड्यात होता. आण्णांचा तो नियम त्यांच्या श्रद्धेतून आला होता, असे तरी त्यांच्या बाजूने म्हणता येईल. माझी तशी श्रद्धा नव्हती. मी नुसता गप्प होतो.

कपाचे पुढे काय झाले ते सांगतो. ते काही मी केले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी कोनाडा रिकामा होता. आईने ती कपबशी आत नेऊन मांडणीवर इतर कपांच्या रांगेत लावली होती. आण्णांनी ती पाहिली. काही विचारले नाही. पुढच्या वर्षी ते गेले. त्यांचे मन बदलले होते की त्यांनी आईपुढे हात टेकले होते, हे मी आजही सांगू शकत नाही.

मी आजही पंढरीला जातो. विठ्ठलापुढे उभा राहिलो की मला जे वाटते ते दुसरीकडे वाटत नाही, आणि ते मी लपवत नाही. ताईला प्रार्थनेत जे मिळते ते मला कळत नाही. ते कळलेच पाहिजे असा माझा आग्रहही नाही. राज्यघटनेच्या पंचविसाव्या कलमाने प्रत्येकाला सदसद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य दिले आहे. घटना १९५० पासून लागू आहे. पण आमच्या कोनाड्यापर्यंत पोहोचायला तिला आणखी चाळीस वर्षे लागली, आणि तीही शाळेत न गेलेल्या एका बाईच्या हातून पोहोचली.

म्हणून माझे म्हणणे थोडके आहे. श्रद्धा ज्याची त्याची. ती कोणी कोणाला देऊ शकत नाही आणि कोणी काढूनही घेऊ नये. कोणाचा देव खरा यावर खुशाल वाद घालावा. पण वेगळी कपबशी ही श्रद्धा नव्हे. आपल्या घरात असा कोनाडा कुठे आहे का, एवढे प्रत्येकाने उठून पाहावे. तो बहुधा ओसरीवरच असतो, रोजच्या नजरेसमोर. म्हणूनच दिसत नाही.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित मजकूर)