डेटा मॉडेल (महसुली अभिलेखांतील)
मोठ्या संस्थेने कोणती माहिती कोठे ठेवायची आणि एकमेकींशी कशी जोडायची, याची आखणी म्हणजे डेटा मॉडेल. ती संगणकाची देणगी मानतात. महसूल खात्याचे गाव नमुने हा समज खोडून काढतात. बुलढाणा तालुक्यातील धाडच्या शेताचा हक्क नमुना ७ मध्ये, पीक १२ मध्ये, तर खातेदाराची एकूण जमीन ८अ मध्ये सापडते. मालक बदलला तरी ७ आणि १२ मिळून होणारा सातबारा लगेच बदलत नाही. आधी नमुना ६ मधील फेरफार, म्हणजे बदलाची नोंद, प्रमाणित व्हावा लागतो. ठरीव रकान्यांत अवघा गावगाडा मावत नाही, हा आक्षेप रास्तच. म्हणून तर ‘इतर अधिकार’ हा ऐसपैस रकाना ठेवला. त्यातला मोकळा मजकूर मात्र संगणकाला जड जातो. एकेकाळी मध्य प्रांत-वऱ्हाडात असलेला बुलढाण्याचा भाग १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने उर्वरित राज्याच्या याच साच्यात आला.