लांब हाताची कुळकथा

पिंजऱ्यातली झुंज सुरू होण्याआधी पडद्यावर दोघांची मापं झळकतात. वय, उंची, वजन आणि शेवटी 'रीच'. दोन्ही हात आडवे ताणून उभं राहायचं आणि एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्या मधल्या बोटाच्या टोकापर्यंत फीत धरायची. बहुतेकांचं हे माप उंचीच्या आसपास भरतं. मिश्र झुंजींतल्या जॉन जोन्सची उंची ६ फूट ४ इंच आणि हातांचा पल्ला ८४.५ इंच, म्हणजे सात फुटांवर अर्धा इंच. विरार पूर्वेला, मनवेलपाड्यात, इमारतींच्या तळमजल्यावरच्या गाळ्यांतून कराटे-किकबॉक्सिंग शिकणाऱ्या पोरांना असे आकडे तोंडपाठ असतात. ज्याचे हात आखूड तो बिचारा लढण्याआधीच खट्टू.

ह्याच वयाची, कधीकधी हीच, पोरं फेब्रुवारीत शिवजयंतीच्या मिरवणुकीत ढोलापुढे दांडपट्टा फिरवतात. त्या पट्ट्याचं आणि जोन्सच्या हाताचं काही नातं असेल हे त्यांच्या गावीही नसतं. मला ते नातं सख्खं वाटतं. जोन्सला हात जन्मानं मिळाला. आपल्याकडच्या कुणा लोहारानं तो घडवला.

पट्टा जवळून पाहिला तर त्याला तलवारीसारखी मूठ दिसत नाही. लोखंडाचा पोकळ खोबळा असतो, त्यात हात जवळजवळ कोपरापर्यंत जातो. आत एक आडवी दांडी असते, ती मुठीत धरायची. खोबळ्याच्या मागच्या टोकाला लोखंडी पट्टी असते, ती हाताला कवळून बसते. पुढे सरळ, दुधारी, लवचीक पातं, साधारण तीन ते साडेतीन फुटांचं. हात आत घातला की मनगट जखडलं जातं. कोपरापासून पात्याच्या टोकापर्यंत एकच सरळ रेषा होते. तलवार हातात धरतात, पट्टा चढवतात.

ती आडवी दांडी पट्ट्याचं कूळ सांगते. अशी आडवी पकड कट्यारीची. कट्यारीचं पातं मुठीच्या पुढे सरळ येतं, त्यामुळे कट्यार भोसकणं आणि ठोसा मारणं ह्या हालचालीत फरकच नाही. शस्त्रांचे अभ्यासक पट्टा हा कट्यारीचाच वंशज मानतात. विजयनगर आणि तंजावरकडच्या जुन्या कट्यारींना हाताची मागची बाजू झाकणारं, शिंपल्यासारखं पत्र्याचं आवरण असे. ते आवरण मनगटावर आलं, मग पुढच्या हातावर चढलं, आणि पातंही वाढत गेलं. ठोशाला पातं लावलं ती कट्यार, आणि तोच ठोसा दोन-तीन हात लांब केला तो पट्टा.

पातं वाढवायला चांगलं पोलाद लागतं. लांब, सरळ आणि वाकून पुन्हा ताठ होणारं पातं घडवणं अवघड. इथे आमच्या भागाचा संबंध येतो. वसई १५३४ साली पोर्तुगिजांकडे गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदरांतून युरोपी पाती उतरत राहिली. जर्मनीतलं सोलिंगेन, स्पेनमधलं टोलेडो, इटलीतलं जिनोव्हा ही त्या मालाची माहेरघरं. आपल्या लोकांनी पातं घेतलं आणि मूठ फेकून दिली. फिरंगीच्या सरळ पात्याला देशी मूठ बसली ती 'फिरंग'. त्याच पात्यामागे खोबळा बसला तो पट्टा. संग्रहालयांतल्या कितीतरी जुन्या पट्ट्यांच्या पात्यांवर परदेशी कारागिरांची चिन्हं सापडतात. महाराष्ट्र सरकारनं २०२४ साली दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान दिला. छान झालं, त्या मानात सोलिंगेनच्या लोहारालाही थोडा वाटा द्यावा लागेल.

लांबी मिळाली, तिची किंमतही मोजावी लागली. मनगट गेलं. तलवारबाज मनगटाच्या झटक्यानं वाराची दिशा मधेच बदलतो, वार अडवतो, टोक वळवतो. पट्टेकऱ्याला हे जमत नाही. त्याचा घाव खांद्यातून आणि कमरेतून येतो, मोठ्या गोलाईनं येतो, आणि एकदा निघाला की पुरा फिरूनच थांबतो. म्हणून पट्ट्याची सगळी विद्या फिरण्याची आहे. उजवीकडून डावीकडे, डोक्यावरून, गुडघ्याखालून, पवित्रा बदलत, गिरकी घेत, हात एकात एक गुंफत जायचे. अंगाभोवती असं रिंगण ठेवायचं की कुणाची आत पाऊल टाकायची छाती होऊ नये. मिरवणुकीत तळहातावरचं लिंबू कापतात तेव्हा टाळ्या नेमकेपणाला पडतात. माझं लक्ष पायांकडे असतं. अंतर पाय राखतात, हात नुसता ते वापरतो.

रिंगणाच्या आत कुणी आलाच, तर साडेतीन फुटांचं पातं अडगळ होतं. विरार फास्टच्या दारात हात लांब असून काय उपयोग? तिथे खांदा आणि कोपर चालतं. जुन्या पट्टेकऱ्यांना हे पुरतं ठाऊक होतं. म्हणून डावा हात मोकळा नसे. त्यात ढाल असे, दुसरा पट्टा असे, नाहीतर बिचवा.

ह्या सगळ्या हिशेबाचा नमुना सभासदाच्या बखरीत आहे. कृष्णाजी अनंत सभासदानं ती सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीला लिहिली. १० नोव्हेंबर १६५९चा प्रतापगडचा प्रसंग लहान मुलालाही माहीत आहे. तो लढवय्याच्या नजरेनं पुन्हा वाचावा. अफझलखान धिप्पाड. भेटीच्या वेळी त्यानं शिवाजी महाराजांची मान काखेखाली दाबली आणि कुशीत शस्त्र चालवलं. अंगातल्या चिलखतानं तो वार निभावला. उंच माणसानं बुटक्याचं डोकं बगलेत घ्यायचं, ही पकड जगभरच्या आखाड्यांत आहे. तिच्यात एक खोट आहे. मान धरणाऱ्याचं पोट समोरच्याच्या दोन्ही हातांना उघडं पडतं. महाराजांच्या एका हातात वाघनख, दुसऱ्यात बिचवा. दोन्हींचा पल्ला जेमतेम वीतभर, पण तिथे वीतभरही अंतर उरलं नव्हतं. आखूड शस्त्रं निवडली तेव्हाच झुंज कुठल्या अंतरावर होणार हे ठरलं होतं.

लगेच पुढचा प्रसंग उलट्या अंतराचा. खानाचा माणूस सय्यद बंडा पट्ट्यात तरबेज, तो धावून आला. आता वाघनखाचा उपयोग नाही. सभासद सांगतो की महाराजांनी जिवा महालाजवळचा आपला पट्टा घेतला, पट्टा आणि बिचवा एकमेकांत कात्रीसारखे धरले आणि बंडाचे चार हात झेलले. पाचवा पडायच्या आत जिवा महालानं बाजूनं शिरून खांद्यावर घाव घातला आणि पट्ट्याचा हात हत्यारासकट उतरवला. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी 'होता जिवा म्हणून वाचला शिवा' ह्या म्हणीपलीकडे गेलो नव्हतो. आता दिसतं ते असं, की पाचव्या घावाला हात पुरा लांबवलेला असणार, आणि जखडलेल्या मनगटाला त्या क्षणी माघार नाही. पट्टेकऱ्याला रोखायचं तर पात्याशी झगडायचं नाही, पातं निघतं त्या खांद्याशी जायचं. जिवानं नेमकं तेच केलं.

लांबीची हाव पट्ट्यावर थांबली नाही. मराठ्यांचा विटा म्हणजे दोरी बांधलेला भाला. फेकायचा आणि दोरीनं परत हातात ओढून घ्यायचा. फेकीचा पल्लाही मिळाला आणि हत्यारही गेलं नाही. मला तर हे पट्ट्याहून चलाख वाटतं. पण १६६५ साली पुरंदरला मुरारबाजी सातशे माणसांनिशी दिलेरखानाच्या छावणीवर तुटून पडला, तेव्हा खानानं त्याच्या तलवारीच्या टप्प्यात यायचं नाकारलं आणि तीर सोडला. पुढे बंदुका वाढल्या. हाताच्या लांबीचं राजकारण तिथेच संपलं, आणि पट्टा आखाड्यात, जत्रेत, कोल्हापूरच्या मर्दानी खेळांत जाऊन राहिला. फरी-गदक्याबरोबर, लाठीबरोबर, बोथाटीबरोबर.

आखाड्यात त्याचा शेजारी मात्र अगदी वेगळ्या स्वभावाचा. कुस्तीत अंतर मिटवल्याशिवाय काही सुरूच होत नाही. ठोसा नाही, लाथ नाही. लांब हाताचा उपयोग झाला तर पट काढताना, म्हणजे पाय ओढून पाडताना, घोटा गाठायला. ठोसा आणि पकड एकत्र येण्याची उदाहरणं आपल्याकडे कमी, पण आहेत. बडोद्याला खंडेराव गायकवाडांच्या दरबारात नखीची कुस्ती चाले. लुई रूसले ह्या फ्रेंच प्रवाशानं १८६४च्या सुमारास ती पाहून लिहून ठेवली. मुठीवर शिंगाची नखं बांधून मल्ल एकमेकांना ओरबाडत आणि त्यातच पकडी घालत. रक्ताचे ओघळ आणि महाराज खूश. हा प्रकार गेला ते बरंच झालं. मारणं आणि धरणं एकाच रिंगणात आलं की पल्ल्याचा हिशेब गुंतागुंतीचा होतो, हे मात्र तिथेही दिसलं असणार.

मिश्र झुंजींचा आजचा प्रकार १२ नोव्हेंबर १९९३ला डेन्व्हरमध्ये अल्टिमेट फायटिंग चॅम्पियनशिप, म्हणजे यूएफसीच्या पहिल्या स्पर्धेतून जगापुढे आला. मुष्टियोद्धे, कराटेवाले, सुमो, सगळे एका पिंजऱ्यात. सडपातळ रॉइस ग्रेसीनं एका रात्रीत तिघांना शरण आणलं. त्याची रीत एकच, मार खायच्या आधी अंतर मिटवायचं. त्यानंतरची दहा-पंधरा वर्षं मारणाऱ्यांनी ते अंतर पुन्हा कसं उघडं ठेवायचं हे शिकण्यात घालवली.

त्या शिक्षणाचा कळस म्हणजे जोन्स. ३ जानेवारी २०१५ला लास व्हेगासमध्ये त्याच्यासमोर डॅनिअल कॉर्मिए होता. उंची ५ फूट ११ इंच, पल्ला ७२.५ इंच, म्हणजे जोन्सपेक्षा बरोबर फूटभर कमी. कॉर्मिए ऑलिंपिकमध्ये खेळलेला पैलवान. जोन्सनं त्याला सरळ ठोशांच्या आणि लाथांच्या टोकावर ठेवलं. सरळ ठोसा हाताची पुरी लांबी वापरतो, गोल ठोसा निम्मी वाया घालवतो. लांब हाताचा माणूस गोल ठोसे मारायला लागला की पैसे उधळल्यासारखंच. त्यातून जोन्सची गुडघ्याच्या जरा वर तिरकी पडणारी लाथ. पाय हातापेक्षा लांब, आणि पुढे येणाऱ्याचा पुढचा पाय हेच सगळ्यात जवळचं निशाण. समोरच्याला पाऊलच टाकू द्यायचं नाही. पट्ट्याचं रिंगण हेच करत असे. पण जोन्सनं दुसरीही गोष्ट केली. कॉर्मिए आत शिरला तेव्हा तो बिथरला नाही. तिथे कोपरं वापरली, पकड वापरली. त्याचा बिचवा तयार होता. तिन्ही पंचांनी ४९-४६ असा कौल त्याच्या बाजूनं दिला.

साडेतीन वर्षांनी, ७ जुलै २०१८ला, हाच कॉर्मिए स्टाइप मिओचिचसमोर उभा राहिला. मिओचिच ६ फूट ४ इंच, पल्ला ८० इंच. ह्या वेळी कॉर्मिए छातीला छाती लावून उभा राहिला, हातांनी त्याचे खांदे गुंतवले आणि पकड सुटता सुटता उजव्या हाताचा आखूड ठोसा जबड्यावर ठेवला. पहिल्या फेरीतच मिओचिच आडवा. त्या क्षणी त्याचे ८० इंच कॉर्मिएच्या पाठीमागे होते.

आपल्याकडे हा खेळ मुंबईत रुजला. ११ मार्च २०१२ला अंधेरीच्या क्रीडासंकुलात सुपर फाइट लीगची पहिली रात्र झाली. भारतातून यूएफसीत उतरलेला पहिला मल्ल मुंबईचा भरत खंडारे. २५ नोव्हेंबर २०१७ला शांघायमध्ये वीस वर्षंही पूर्ण न झालेल्या सोंग यादोंगशी तो लढला. खंडारे कुस्तीतून आलेला. पहिल्याच फेरीत सोंगनं त्याची मान बगलेत घेतली, गळा आवळला आणि झुंज संपली. पकड तीच, प्रतापगडची. फक्त ह्या वेळी मान अडकलेल्याच्या हातात बिचवा नव्हता.

कुस्तीतून येणाऱ्याला हा धोका नेहमीच जास्त. मातीत आणि मॅटवर गळा आवळायला बंदी आहे, त्यामुळे पट काढायला डोकं खाली घालून, मान पुढे करून शिरलं तरी चालतं. ती सवय अंगात भिनलेली असते. पिंजऱ्यात तेच डोकं समोरच्याला आयतं मिळतं, आणि त्याचे हात लांब असतील तर मानेभोवती वेढा घालून बोटं गुंफायला पुरेशी लांबी उरते. लांब हात दुरून मारायला उपयोगी, हे सगळे सांगतात. जवळून आवळायलाही तो तितकाच उपयोगी, हे आखूड हातांच्या पोरांना आधी शिकवायला हवं. शिरताना कपाळ त्याच्या छातीवर टेकवायचं, हनुवटी आपल्या छातीला चिकटवायची, पाठ वाकवायची नाही. तरीही मान धरलीच, तर मागे ओढून सोडवायला जायचं नाही, त्यानं फास आणखी बसतो. मान धरणाऱ्या हाताचं मनगट दोन्ही हातांनी खाली खेचायचं, खांदा त्याच्या गळ्याखाली रेटायचा, आणि ज्या बाजूला डोकं अडकलंय त्याच्या उलट बाजूला पाय टाकत जायचं.