बक्षीस, शिक्षा आणि दाद

गेल्या वर्षी एका रविवारी आम्ही पुतणीकडे जेवायला गेलो होतो. तिचा सात वर्षांचा मुलगा एरवी आमच्या अंगाखांद्यावर खेळायचा. त्या दिवशी तो आमच्याशी बोलेना. खोदून विचारल्यावर कारण कळले. त्याच्या वर्गाच्या भिंतीवर एक तक्ता लावलेला आहे. चांगले वागणाऱ्याच्या नावापुढे चांदणी चिकटते, दंगा करणाऱ्याच्या नावापुढे लाल ठिपका. शुक्रवारी याच्या नावापुढे ठिपका लागला. पाण्याची बाटली सांडली होती ती शेजारच्या मुलाने. आम्ही म्हटले, "अरे, मग बाईंना सांगायचे होतेस." तो म्हणाला, "आजोबा, तिथे सांगायचे नसते."

हे "सांगायचे नसते" आमच्या मनात रुतून बसले. आमची उभी हयात कामगारांचे सांगणे लिहून घेण्यात गेली आहे. शिक्षणशास्त्र आम्ही शिकलेलो नाही. १९८२ च्या संपात घरची चूल थंडावली आणि सातवीतच आमची शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा मास्तरांच्या विद्येत ढवळाढवळ करण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु बक्षीस आणि दंड हा विषय मात्र आमच्या पोटापाण्याचा आहे, आणि या भिंतीवरच्या तक्त्याचा इतिहास शोधू लागलो तेव्हा तो शाळेतून निघून थेट गिरणीच्या दारात आला. तोच आज आपणांपुढे मांडावयाचा आहे.

लंडनच्या दक्षिणेस साउथवर्क नावाचा तेव्हा गरिबांचा भाग होता. तेथे १७९८ साली जोसेफ लँकेस्टर नावाच्या विशीतल्या तरुणाने गरिबांच्या मुलांसाठी शाळा काढली. मुले शेकड्यांनी येऊ लागली. मास्तर मात्र एकटाच, आणि पैशाची चणचण. तेव्हा त्याने मोठ्या मुलांना धाकट्यांवर नेमले. हे त्याचे मॉनिटर. हीच युक्ती अँड्र्यू बेल नावाच्या पाद्र्याने आधी आपल्या मद्रासेत एगमोरच्या अनाथ मुलांच्या शाळेत चालविली होती, आणि १७९७ साली लंडनमध्ये तिच्यावर पुस्तकही छापले होते. एतद्देशीय शाळेत मुले वाळूत अक्षरे गिरवताना त्याने पाहिली आणि ती रीत उचलली. आपल्या पंतोजींच्या धूळपाटीची ही बहीणच म्हणायची.

लँकेस्टर क्वेकर पंथाचा होता आणि त्याला छडीचा तिटकारा होता. परंतु शेकडो मुले गप्प तर बसली पाहिजेत. म्हणून त्याने बक्षिसांचा बाजार मांडला. चांगल्या कामाला तिकीट. तिकिटे साठली की चेंडू, पतंग, बॅट. फार चांगल्या मुलाच्या गळ्यात चांदीचे पदक. आणि वाईट मुलाला? छडी नाही, पण गळ्यात लाकडाचा ओंडका. पायांत लाकडी बेडी. काहींना टोपलीत घालून छताला टांगायचे आणि बाकीच्यांनी खालून पाहून हसायचे. अंगावर वळ उठत नव्हते म्हणून या पद्धतीला त्या काळी सुधारणा म्हणत. शिक्षा अंगावरून उठून मनावर गेली, एवढाच तिचा अर्थ.

या सगळ्यात हिशेब कोण ठेवी? मॉनिटर. येथे आमचे एक जुने पाप सांगून टाकतो. आम्ही चौथीत वर्गाचे मॉनिटर होतो. गुरुजी बाहेर गेले की बडबड करणाऱ्यांची नावे फळ्यावर लिहायची, ही आमची सत्ता. जो मुलगा चिंच नाहीतर बोरे देई त्याचे नाव आमच्या खडूला सापडत नसे. एकाशी भांडण होते, त्याचे नाव तो तोंड मिटून बसलेला असतानाही आम्ही लिहिले आणि त्याने हातावर चार छड्या खाल्ल्या. गुरुजींनी त्याला काही विचारले नाही आणि आम्हीही काही बोललो नाही. पुढे युनियनच्या कामात शिरल्यावर जुन्या कामगारांकडून मुंबईच्या गिरण्यांतल्या जॉबरांच्या गोष्टी ऐकल्या. दस्तुरी देणाऱ्या बदलीवाल्याला काम, न देणाऱ्याला गेटावरून घरची वाट. तेव्हा आम्हांला आमचा चौथीतला खडू आठवला. जॉबर जन्मतःच वाईट असतो असे नाही. वरच्याने हिशेब दुसऱ्याच्या हाती सोपवला आणि खालच्याला दाद मागायला जागा ठेवली नाही, की चिंचाबोरांची दस्तुरी होते.

आता गिरणीकडे वळू. स्कॉटलंडमध्ये क्लाइड नदीच्या काठी न्यू लॅनार्क येथे सुताच्या गिरण्या होत्या. १८०० साली त्यांचा कारभार रॉबर्ट ओवेन याच्या हाती आला. हाच ओवेन पुढे सहकाराचा आणि १८३४ साली ब्रिटनमधल्या सर्व धंद्यांच्या एकत्रित कामगार संघाचा पुढारी झाला. म्हणून आमच्यासारख्यांना तो आजोबांच्या ठिकाणी आहे. पण आजोबांची चूकही सांगितली पाहिजे. आला तेव्हा तो मालक होता आणि कामगार त्याच्यावर विश्वास ठेवीत नव्हते. मारहाण त्याला नको होती. त्याने प्रत्येक कामगाराच्या जागेजवळ बोटभर लांबीचा एक चौकोनी लाकडी ठोकळा टांगला. चार बाजूंना चार रंग: काळा, निळा, पिवळा, पांढरा. काल जो वाईट वागला त्याची काळी बाजू समोर, मध्यमाची निळी, चांगल्याची पिवळी, उत्तमाची पांढरी. त्याला नाव दिले मुका मॉनिटर. ओवेन खात्यातून नुसती नजर टाकीत जाई, तोंडाने शब्द नाही. रोजचा रंग आकड्याने वहीत उतरे आणि वर्षानुवर्षे तेथे राही.

आमच्या पुतणीच्या मुलाच्या वर्गातला तक्ता आणि हा ठोकळा यांत फरक कितीसा आहे? एक आहे, आणि तो ओवेनच्या बाजूने आहे. आपल्यावर अन्याय झाला असे ज्याला वाटे त्याला आकडा वहीत चढण्यापूर्वी खुद्द ओवेनकडे दाद मागता येत असे. तक्रारी फार थोड्या आल्या, असे ओवेन अभिमानाने लिहितो. त्या अभिमानावर आमचा पुरता विश्वास बसत नाही. मालकाकडे मालकाच्याच ठोकळ्याची तक्रार नेणारे थोडेच असतात. पण दाद मागायला दार होते, हे मान्य केले पाहिजे.

ओवेन म्हणतो की हळूहळू काळे गेले, निळे आले, मग पिवळे. परंतु हे रंग ठोकळ्यानेच पालटले काय? त्याच सुमारास अमेरिकेतून येणारा कापूस अडला आणि गिरण्या चार महिने बंद पडल्या. ओवेनने यंत्रे पुसूनपासून ठेवायला सांगितले आणि चारही महिने सर्वांना पूर्ण पगार दिला. त्यानंतर कामगारांची मने जिंकली गेली, हे त्याचेच म्हणणे आहे. चार महिने बसून पगार मिळालेल्या माणसाची वागणूक बोटभर लाकडाने सुधारली असे म्हणायला आम्ही धजत नाही.

आणि खरी गंमत पुढेच आहे. १ जानेवारी १८१६ रोजी याच ओवेनने कामगारांच्या मुलांसाठी शाळा उघडली. मास्तर कोण, तर जेम्स ब्यूकॅनन नावाचा हातमागावरचा विणकर, आणि त्याच्या मदतीला सतरा वर्षांची मॉली यंग. दोघांना ओवेनची ताकीद अशी की मुलाला कधी मारायचे नाही, धमकावायचे नाही, वाईट शब्द वापरायचा नाही. आणि मुलांना एकच गोष्ट शिकवायची, की आपल्या सवंगड्यांना आनंदात ठेवा. भिंतींवर प्राण्यांची चित्रे आणि नकाशे. गाणे, नाच, मोकळे अंगण. ओवेनच्या मुलाने १८२४ साली या शाळेची हकीकत छापली. तीत तो स्पष्ट सांगतो की येथे बक्षीस नाही आणि शिक्षाही नाही. कृत्याचा जो स्वाभाविक परिणाम होतो तोच मुलाला दाखवून द्यायचा. लँकेस्टरच्या कामाला ज्याने हजार पौंड दिले होते, त्याने स्वतःच्या शाळेत त्याचे तिकीटही ठेवले नाही आणि ओंडकाही ठेवला नाही.

बापाला काळा ठोकळा आणि मुलाला मोकळे अंगण, ही दोन मापे एकाच माणसाची. याचा अर्थ आम्ही असा लावतो: ठोकळ्याने काम निघते, माणूस घडत नाही, हे ओवेनला कळले होते. गिरणीत त्याला काम हवे होते; शाळेत माणूस हवा होता.

दुर्दैवाने पुढच्या सरकारांनी शाळेलाच गिरणी केले. १८६२ साली इंग्लंडमध्ये रॉबर्ट लो याने असा नियम केला की शाळेचे अनुदान मुलांच्या हजेरीवर आणि वाचन, लेखन, गणित यांच्या परीक्षेवर ठरावे. परीक्षेचे डोईमागे आठ शिलिंग. नापास होईल त्या प्रत्येक विषयाला दोन शिलिंग आठ पेन्स कपात. म्हणजे आता ठोकळा मास्तरांच्याच गळ्यात आला. मास्तर घोकंपट्टी करवून घेऊ लागले, आणि ज्याच्यामुळे पैसे कापले जाणार त्या मंद मुलावर छडी अधिक पडू लागली. निकालावर अनुदान देण्याची ही रीत आपल्याकडेही आली. १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुले यांनी तिला हरकत घेतली: ज्या लोकांत शिक्षणाची गोडीच अजून लागलेली नाही त्यांच्यासाठी ही रीत उपयोगी नाही, कारण तिच्या भरवशावर त्यांच्यात शाळा काढायला कोणी मास्तर धजणार नाही. त्याच निवेदनात मागासलेल्या जातींच्या मुलांना शिष्यवृत्त्या आणि बक्षिसे देण्याची मागणीही आहे. यात विसंगती नाही. जोतीरावांचे बक्षीस दारापर्यंत न आलेल्याला आत बोलावण्यासाठी होते; आत बसलेल्यांना एकमेकांवर घालण्यासाठी नव्हते.

मुलांनी हे सारे मुकाट्याने सोसले असे समजू नका. वेल्समधील लानेली गावी ऑगस्ट १९११ मध्ये रेल्वे कामगारांच्या संपावेळी सैनिकांनी गोळ्या झाडून दोघांना ठार केले. पुढच्याच महिन्यात त्या गावातल्या एका शाळेत एका मुलाने संपाची चिठ्ठी वर्गात फिरवली. त्याला मार बसला, आणि मुले उठून बाहेर पडली. पाहता पाहता ब्रिटनच्या साठांहून अधिक गावांत मुलांचे संप झाले. मागण्या काय होत्या? छडी बंद करा, घरचा अभ्यास कमी करा, आणि कोठे कोठे मॉनिटरांना कामाचे पैसे द्या! संप थोड्या दिवसांत मोडले; पुढाऱ्यांना छड्या बसल्या. तेथील सरकारी शाळांतून छडी कायद्याने गेली ती १९८७ साली, म्हणजे शहात्तर वर्षांनी.

आता मोठ्यांचे पाहा. आपल्याकडे १९३६ च्या वेतन कायद्याने कामगारांवरील दंडाला लगाम घातला. कोणत्या चुकीला दंड हे आधी नोटीस लावून कळवले पाहिजे. दंडापूर्वी कामगाराचे म्हणणे ऐकले पाहिजे. दंडाला मर्यादा, दंडाची नोंदवही, आणि जमलेला पैसा कामगारांच्याच हितासाठी. त्याच कायद्यात आणखी एक ओळ होती: पंधरा वर्षांखालील कामगारावर दंड बसवता येणार नाही. शाळेसाठी २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मारणे आणि मानसिक छळ करणे, दोन्हींना बंदी केली. तो कायदा आम्हांला शिरसावंद्य आहे. पण लाल ठिपका मारीत नाही, ओरडत नाही; तो ओवेनच्या ठोकळ्यासारखा मुका असतो. म्हणून कायद्याच्या चिमट्यात तो सहज सापडत नाही.

आम्ही पुतणीला घेऊन त्या बाईंना भेटलो. भांडायला नव्हे, विचारायला. त्यांनी सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "काका, वर्गात अठ्ठेचाळीस मुले आहेत आणि मी एकटी. एकेकाचे ऐकत बसले तर शिकवू केव्हा?" आम्ही गप्प झालो. कारण ही तक्रारही आमच्याच वहीतली होती. कायदा प्राथमिक शाळेत तीस मुलांमागे एक शिक्षक धरतो. लँकेस्टरचा ओंडका त्याच्या दुष्टपणातून आला नव्हता; शेकडो मुलांना एक मास्तर, या हिशेबातून आला होता. जेथे माणूस कमी पडतो तेथे ठोकळा टांगला जातो.

तेव्हा पालक म्हणून आपण दोन गोष्टी एका अर्जात लिहाव्यात असे आमचे सांगणे आहे. पहिली, ठिपका लागण्यापूर्वी मुलाला विचारले जावे. दुसरी, विचारायला वेळ मिळेल इतकीच मुले बाईंच्या हाती असावीत. पहिली मागणी दुसरीवाचून मागणे म्हणजे बाईंवर अन्याय. दुसरी पहिलीवाचून मागणे म्हणजे मुलावर.

निघताना बाईंनी त्या मुलाला जवळ बोलावले आणि विचारले, "काय झाले होते रे शुक्रवारी?" तो आधी आमच्याकडे पाहू लागला. मग सांगू लागला. चांगला पाच मिनिटे सांगत होता.