हुरड्याची चव आणि शेताचा बांध

काही पदार्थ असे असतात, की त्यांची चव पानात वाढून घरी आणता येत नाही. शेगावची कचोरी वऱ्हाडात आता कुठेही मिळते. फाळणीनंतर पंजाबातून आलेल्या एका निर्वासित कुटुंबाने ती शेगावच्या रेल्वे स्थानकावर विकायला सुरुवात केली, आणि आजही जाणकार प्रवासी गाडी थांबताच खाली उतरून ती तिथेच खातो. डब्यात भरून घरी आणलेली कचोरी तीच असते, परंतु फलाटावरची घाई, तळणाचा वास आणि गाडी सुटण्याची धास्ती तिच्याबरोबर घरी येत नाही. स्वयंपाकघरातल्या अन्नाला पाककृती पुरते. वाटेवरच्या, शेतातल्या, जत्रेतल्या खाण्याला जागाही लागते. या गोष्टीचा विचार करताना आम्हाला यवतमाळ जिल्ह्यातला हुरडा सर्वांत बोलका वाटतो; कारण त्याच्या चवीमागे या जिल्ह्याचा दीडशे वर्षांचा इतिहास उभा आहे, आणि त्याची मुळे शोधू लागलो तर आपण थेट पवित्र शास्त्राच्या पानांपर्यंत जाऊन पोहोचतो.

हुरडा म्हणजे ज्वारीचे कोवळे, दुधात भरून नुकतेच घट्ट होऊ लागलेले दाणे. विदर्भातली ज्वारी बहुतांशी खरिपाची. दिवाळी मागे पडून सकाळी दव पडू लागले, की कणसे हुरड्याला येतात. बांधाजवळ लहानशी आगटी करायची, गोवऱ्या पेटवायच्या, ज्वाळा बसून निखारे झाले की त्यांत कणसे खुपसायची. भाजलेले कणीस गरम असतानाच हातावर किंवा गोणपाटावर चोळायचे, फुंकर मारून तूस उडवायचे आणि हिरवट मऊ दाणे तोंडात टाकायचे. सोबतीला जवसाची किंवा तिळाची चटणी, गुळाचा खडा, बांधावरचीच बोरे. ताट नाही, वाटी नाही. जो भाजतो तो वाढपी, आणि ज्याचा हात पुढे येतो तो पाहुणा.

हा हुरडा शेतातच गोड का लागतो, याचे एक साधे कारण दाण्यातच आहे. कोवळ्या दाण्यात साखर असते. दाणा पक्व होत जातो तसतसे तिचे पिठूळ सत्त्व बनते. त्यामुळे हुरड्याची अवस्था थोडेच दिवस टिकते, आणि कणीस खुडून ठेवले तर गोडवा उतरू लागतो. भाजलेला दाणा निवला की चिवट होतो. आगटी आणि कणीस यांच्यातले अंतर जितके कमी, तितका हुरडा चांगला. याला धुराचा वास, थंडीत शेकलेले हात आणि कामाने लागलेली भूक यांची जोड मिळते. तरीही एवढ्यानेच चवीचा उलगडा होत नाही. निम्मी चव दाण्यात असेल, तर निम्मी त्या बांधावरच्या माणसांत असते असे आम्हाला वाटते.

पवित्र शास्त्र उघडले, की हेच चित्र वेगळ्या धान्याच्या रूपाने समोर येते. लेवीयाच्या दुसऱ्या अध्यायात प्रथम उपजाचे अर्पण सांगितले आहे: नव्या पिकाची कोवळी कणसे विस्तवावर भाजून त्यांचे दाणे परमेश्वराला वाहायचे. तेविसाव्या अध्यायात म्हटले आहे, की ते अर्पण होईपर्यंत भाकर, हुरडा वा कोवळी कणसे कोणी खाऊ नयेत. रूथच्या पुस्तकात बवाजाच्या शेतात कापणी चाललेली असते. जेवणाच्या वेळी तो परक्या देशाच्या, विधवा रूथला कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत बोलावतो आणि भाजलेले दाणे तिच्या हाती देतो. ती पोटभर खाते आणि उरलेले सासूसाठी घेऊन जाते. अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायातला नियम तर कोणत्याही शेतकऱ्याला चटकन समजावा असा आहे: शेजाऱ्याच्या उभ्या पिकातून जाताना हाताने कणसे खुडावीस, मात्र विळा लावू नयेस. म्हणजे वाटसरूची भूक हा हक्क, आणि शेतकऱ्याचे पीक हीही मर्यादा.

प्रभू येशूचे शिष्य शब्बाथाच्या दिवशी शेतातून जाताना कणसे मोडून खाऊ लागले, तेव्हा परुशांनी हरकत घेतली ती चोरीची नव्हती. हरकत होती दिवसाची. कणसे खाण्याचा हक्क सर्वांनाच मान्य होता. संत लूक एक तपशील देतो, तो आम्हाला फार मोलाचा वाटतो: शिष्य कणसे हातावर चोळून खात होते. गालीलच्या त्या वाटेवर गहू किंवा जव असेल, यवतमाळच्या बांधावर ज्वारी आहे. हातांची हालचाल मात्र तीच.

ज्वारी मूळची आफ्रिकेतली. काही हजार वर्षांपूर्वी ती भारतात आली आणि दख्खनच्या मातीत अशी रुजली, की भाकरी म्हटले की तीच डोळ्यांपुढे यावी. वऱ्हाडात तिच्या जोडीला रोडगा आहे. जाड्याभरड्या कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजून वरण आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचे, तेही बहुधा नवस फेडण्यासाठी देवळाच्या आवारात किंवा शेतात. सोळाव्या शतकात एकनाथांच्या भारुडात भवानीला रोडगा वाहण्याचा नवस येतो, यावरून या उघड्यावरच्या पंगतीचे वय लक्षात यावे. गोंड समाजात नवे पीक आधी देवाला वाहून मगच खाण्याची नवाखाणीची रीत आहे. लेवीयाचा नियम ज्यांनी कधी ऐकला नव्हता, त्यांनीही तोच भाव जपला होता.

आता या जिल्ह्याच्या इतिहासाकडे वळू. 1853 साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. 1864 साली यवतमाळ, दारव्हा, केळापूर आणि वणी या तालुक्यांचा वेगळा जिल्हा झाला. तो पुढे वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि 1905 साली त्याला यवतमाळचे नाव मिळाले. याच सुमारास, 1861 ते 1865 या काळात, अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस अडला आणि लँकेशायरच्या गिरण्यांची नजर वऱ्हाडाच्या काळ्या मातीवर पडली. विसाव्या शतकाच्या प्रारंभी किलिक निक्सन या कंपनीने यवतमाळहून मूर्तिजापूरपर्यंत अरुंद रुळांची गाडी आणली. लोक तिला पुढे प्रेमाने शकुंतला म्हणू लागले. तिचे वाफेचे इंजिन 1994 पर्यंत धावत होते. ही गाडी मुख्यत्वे कापसासाठी होती.

अशा रीतीने शेताचे दोन भाग पडले. कापूस बाहेर जाई, ज्वारी घरी राही. कापसाने सावकाराचे देणे आणि सरकारचा सारा भागे. ज्वारीने माणसांची भाकर, बैलांचा कडबा आणि मजुरीचे धान्य पुरे. घरी राहणारे पीक होते, म्हणूनच बांधावर द्यायलाही काही होते. विदर्भात हुरड्यासाठी ‘वाणी’ ज्वारीच्या ओळी मुद्दाम पेरत. पाखरांसाठी मचाण आणि गोफण, रानडुकरांसाठी रात्रीची जागल, हे सारे त्या चवीतच धरले पाहिजे. वाटेने जाणाऱ्याला हाक मारून कणीस देण्यात औदार्याचा आव नसे; न देणे हेच विपरीत वाटे.

1964 साली देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण आला. उत्पन्न वाढले, परंतु हुरड्याची गोडी त्या घट्ट कणसांत नव्हती. पुढे सोयाबीन आले, 2002 नंतर बीटी कापूस पसरला, बैल कमी झाले तशी कडब्याची गरजही उरली नाही. ज्वारी हटत गेली. कापूस आणि सोयाबीन ही दोन्ही पिके बांधावर बसून खाता येत नाहीत. शेतात उभे असलेले सारेच विकण्याचे झाले, तेव्हा धान्य पिकवणारा शेतकरी स्वतः धान्य विकत घेऊ लागला. तुरीच्या उकडलेल्या शेंगा आणि हरभऱ्याचा होळा एवढीच जुन्या पंगतीची खूण राहिली.

याच जिल्ह्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांनी 19 मार्च 1986 रोजी पत्नी आणि चार मुलांसह जीवनयात्रा संपवली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ अलीकडे अनेक जण दरवर्षी 19 मार्चला एक दिवस अन्नत्याग करतात. हा दिवस ख्रिस्तसभेत कष्टकऱ्यांचा आश्रयदाता संत योसेफ याच्या सणाचा आहे आणि तो उपवासकाळात येतो. आमच्या धर्मग्रामांनी हा योग मनावर घ्यावा.

आज हुरडा पुन्हा लोकप्रिय झाला आहे. शहराजवळच्या शेतांत तिकीट काढून हुरडा पार्टी होते. बैलगाडीची सफर आणि झोपाळे असतात. 2023 हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्यांचे म्हणून पाळले, त्याने ज्वारीलाही मान मिळाला. आम्ही याला नाक मुरडणार नाही. शेतकऱ्याला चार पैसे मिळतात आणि शहरातल्या मुलांना कणीस कसे दिसते ते कळते, हे थोडके नव्हे. परंतु तिथे आगटी आहे, धूर आहे, थंडीही आहे. वाटसरू मात्र नाही. फाटकाशी पैसे मोजूनच आत येता येते. बवाजाची हाक ऐकू येईल अशी जागा तिथे ठेवलेली नसते.

आपल्या समाजात नव्या पिकाचा मान अजून जिवंत आहे. मुंबईच्या ईस्ट इंडियन गावांत ऑक्टोबरात आगेरा होतो, गोव्यात ऑगस्टमध्ये कणसांचे फेस्त असते. भाताच्या लोंब्या मिरवणुकीने आणून धर्मगुरू आशीर्वादित करतात. यवतमाळचा परिसर 1955 साली स्थापन झालेल्या अमरावती धर्मप्रांतात मोडतो. तिथल्या एखाद्या धर्मग्रामाने ज्वारीची कणसे वेदीपाशी आणावीत, आणि मिस्सानंतर आवारात आगटी पेटवून ती सर्वांना वाटावीत. शेजारच्या वस्तीतला मजूर, वाटेने जाणारा अनोळखी माणूस, ज्याच्या घरी यंदा पीक आले नाही तो शेतकरी, यांना त्या आगटीशी पहिली हाक जावी. ज्यांच्याकडे दोन एकर जमीन आहे अशा आमच्या वाचकांनी बांधालगत ज्वारीच्या चार ओळी तेवढ्यासाठी पेराव्यात. पाखरे त्यातले बरेच खातील. जे उरेल ते हातावर चोळून, उभ्याउभ्याच, कुणाला तरी द्यावे.