अमेरिकेचा ‘टायटल नाइन’ कायदा आणि महाविद्यालयीन क्रीडा

केंद्रीय अर्थसाहाय्य घेणाऱ्या शिक्षणसंस्थांत लिंगभेदास मनाई करणाऱ्या या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष रिचर्ड निक्सन यांनी २३ जून १९७२ रोजी स्वाक्षरी केली. मूळ कलमात क्रीडेचा उल्लेखही नाही. तरी तो गाजला मैदानावरच. १९७९ च्या निकषांनुसार पटसंख्येच्या प्रमाणात संधी, संधींचा सातत्याने विस्तार किंवा विद्यार्थिनींच्या आवडीची पुरेपूर दखल, यांपैकी एकाची पूर्तता पुरेशी ठरते. महाविद्यालयीन महिला खेळाडूंची संख्या सुमारे ३० हजारांवरून २ लाखांपलीकडे गेली. खर्चाचे कारण देत अनेक विद्यापीठांनी पुरुषांचे कुस्ती संघ बंद केले. फुटबॉलच्या अवाढव्य संघांना मात्र सहसा धक्का लागला नाही. १९७२ मध्ये महिला संघांचे ९० टक्क्यांहून अधिक प्रशिक्षक स्त्रियाच होत्या. या पदांना वेतन व प्रतिष्ठा लाभताच पुरुषांचा ओघ वाढला आणि स्त्रियांचे प्रमाण निम्म्याखाली घसरले.