उपचार आणि घरची भाषा : भिलाईच्या संदर्भात

भिलाई ज्या दुर्ग जिल्ह्यात वसले, तो १९५६ पर्यंत नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेशाचा भाग होता. त्या राज्यात हिंदीबरोबर मराठीलाही राजभाषेचे स्थान होते. राज्यपुनर्रचनेत नागपूर मुंबई राज्यात गेले, दुर्ग नव्या मध्य प्रदेशात राहिले आणि २००० साली छत्तीसगडात आले. दरम्यान, १९५५च्या भारत-सोव्हिएत करारातून उभ्या राहिलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी १९५९ मध्ये पेटली व देशाच्या सर्व भागांतून कुटुंबे येथे आली. मराठी आता कारभाराची भाषा राहिली नाही. ती प्रामुख्याने घराची भाषा झाली. अशा घरातील मूल स्वमग्न असेल, तर त्याच्याशी कोणत्या भाषेत बोलावे, हा प्रश्न केवळ वैद्यकीय राहत नाही.

द्विभाषिकता बुद्धीला बाधक असते, ही समजूत वेल्समधील १९२३च्या सेअर यांच्या अभ्यासाने दृढ केली. माँट्रियल येथील पील व लँबर्ट यांच्या १९६२च्या संशोधनाने तिला छेद दिला. स्वमग्नतेच्या क्षेत्रात मात्र ती टिकून राहिली. कॅनर यांनी १९४३ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले. लोवास यांच्या १९८७च्या निबंधातील आठवड्याला ४० तासांच्या प्रशिक्षणात मूल इतर मुलांसारखे दिसू लागणे हे यशाचे माप ठरले. मुलाचा भार हलका व्हावा म्हणून पालकांना एकच भाषा, बहुधा शाळेची, वापरण्याचा सल्ला अनेक देशांत दिला गेला. हेतू सद्भावनेचा होता. त्याची किंमत मात्र घरच्या भाषेने मोजली.

या दृष्टीला आव्हान मिळाले ते स्वमग्न व्यक्तींकडूनच. जिम सिंक्लेअर यांनी १९९३ मध्ये पालकांना मुलाबद्दल शोक न करण्याचे आवाहन केले. मेंदूच्या घडणीतील वैविध्य सुचवणारी ‘न्यूरोडायव्हर्सिटी’ ही संज्ञा याच दशकात रूढ झाली. ज्यूडी सिंगर यांनी १९९८च्या प्रबंधात तिची मांडणी केली. ही दृष्टी स्वीकारणारा उपचारक मुलाची अडचण नाकारत नाही, परंतु त्याचे वेगळेपण पुसणे हे उद्दिष्टही मानत नाही. हँब्ली व फाँबोन यांच्या २०१२च्या अभ्यासात, दोन भाषा कानांवर पडणाऱ्या स्वमग्न मुलांचा भाषाविकास एकभाषिक स्वमग्न मुलांपेक्षा अधिक मंदावलेला आढळला नाही.

भारतीय उपखंडातील पुरावाही लक्षणीय आहे. गोवा व रावळपिंडी येथील ६५ मुलांवरील, २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पालकांनी मुलाच्या लयीशी जुळवून घेण्यावर भर होता. मुलांनी आपणहून संवाद सुरू करण्याचे प्रमाण वाढले, परस्पर अवधान मात्र घटले. यश संमिश्र असले, तरी बदलण्याची पहिली जबाबदारी येथे मोठ्यांवर आली. तसे जुळवून घेणे पालकांना ज्या भाषेत सहज साधते, ती बहुधा त्यांची स्वतःचीच असते.

साहित्याच्या अभ्यासकाला येथे आणखी एक दुवा सापडतो. ऐकलेले शब्द जसेच्या तसे उच्चारणे हे एकेकाळी निरर्थक, म्हणून मोडून काढावयाचे वर्तन मानले जाई. प्रिझँट व डकन यांनी १९८१ मध्ये अशा पुनरुक्तीतून मागणी, होकार, संवादातील सहभाग व्यक्त होतो, हे दाखवले. भिलाईतील एखादे मूल आजीच्या ओवीची ओळ घोळवत असेल, तर ती ओळ त्याचे बोलणेच असू शकते. आजीची भाषाच न जाणणाऱ्याला ते ऐकू येणार नाही. दिव्यांगजन हक्क कायदा, २०१६ याने स्वमग्नतेला मान्यता दिली आणि संवादाच्या व्याख्येत भाषांचा समावेश केला. त्या व्याख्येत घरातील मराठीला स्थान मिळते की नाही, याचा निर्णय अखेर उपचाराच्या खोलीत होतो.