भादली बुद्रुकचा उमेदवारी अर्ज : कायद्याच्या इतिहासातील एक प्रकरण

जळगाव तालुक्यातील भादली बुद्रुक या गावच्या ग्रामपंचायत निवडणुकीसाठी डिसेंबर २०२० मध्ये अंजली गुरू संजना जान या तृतीयपंथी व्यक्तीने सर्वसाधारण स्त्रियांसाठी राखीव असलेल्या जागेवर उमेदवारी अर्ज दाखल केला. छाननीच्या वेळी निर्वाचन अधिकाऱ्याने तो फेटाळला. जागा स्त्रियांची, अर्जदार तृतीयपंथी आणि तृतीयपंथीयांसाठी आरक्षणाची स्वतंत्र तरतूद नाही, असे त्याचे कारण होते. प्रकरण तत्काळ मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. न्यायमूर्ती रवींद्र घुगे यांनी २ जानेवारी २०२१ रोजी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. १५ जानेवारीस मतदान झाले व १८ जानेवारीस अर्जदार निवडून आल्या.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने ही घटना येथेच संपली. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र ती येथून पुढे उघडू लागते. धुळे ही राजवाड्यांच्या दप्तरांची भूमी. ज्या प्रांतात जुना कागद प्रथम कागद म्हणून वाचावा, त्याची नावे, निशाण्या व गाळलेल्या जागा तपासाव्यात, अशी शिस्त रुजली, तेथे न्यायालयाचा निर्णयही त्याच शिस्तीने वाचणे योग्य होय.

प्रथम नावच पाहावे. मराठी माणसाच्या नावात मधली जागा पित्याची अथवा पतीची असते. येथे त्या जागी गुरू आहे. गुरू-चेला ही परंपरा म्हणजे या समाजाची वंशावळ, निवारा आणि वारसा एकत्रच; आणि नेमक्या याच परंपरेवर ब्रिटिश अमदानीतील कायद्याने घाव घातला होता. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग हिजड्यांविषयी होता. मुले पळविणे, खच्चीकरण करणे अथवा दंडसंहितेच्या ३७७ व्या कलमाखालील गुन्हे करणे यांचा ज्यांच्यावर संशय असेल, त्यांची नावे व मालमत्ता यांची नोंदवही ठेवण्यास त्याने सांगितले. नोंदलेल्या व्यक्तीस दान करणे, मृत्युपत्र करणे, मुलाचे पालक होणे व दत्तक घेणे यांस अपात्र ठरविले. स्त्रीवेषात सार्वजनिक ठिकाणी दिसणे हाही अपराध ठरला. ज्याला मृत्युपत्र नाही आणि दत्तक नाही, त्याची परंपरा कायद्याच्या दृष्टीने एका पिढीत संपावी, हा हेतू उघड आहे. हा कायदा आरंभी वायव्य प्रांत, अयोध्या व पंजाब यांस लागू होता. त्यामुळे खानदेशाचा इतिहास थेट त्यावरून लिहिता येत नाही, ही गोष्ट उत्साही अभ्यासक पुष्कळदा विसरतात.

मुंबई इलाख्यातील कथा निराळी आहे. लॉरेन्स प्रेस्टन यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात दाखविल्याप्रमाणे, दख्खनमधील हिजड्यांचा गावोगाव भिक्षा घेण्याचा परंपरागत हक्क मराठी राज्याने मान्य केलेला होता, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास कंपनी सरकारपुढे प्रश्न आला तो या हक्काचे संरक्षण पुढे चालवावे की नाही, असा. उत्तरेत कायद्याने त्यांना संशयित म्हणून पाहिले. दख्खनच्या दप्तरात ते आधी हक्कदार म्हणून भेटतात आणि मग तो हक्क सरकारी नीतिकल्पनांपुढे ओसरत जातो. हा भेद लहान नाही. ‘वसाहतकालीन कायदा’ असे एकच नाव देऊन दोन्ही कथा एका पोत्यात भरल्या, तर दोन्ही बिघडतात.

आता पुन्हा भादलीकडे. न्यायालयापुढील आधार दोन होते : सर्वोच्च न्यायालयाचा १५ एप्रिल २०१४ चा निर्णय, ज्याने शारीरिक कसोटीपेक्षा व्यक्तीच्या मनाने जाणलेल्या लिंगभावास महत्त्व दिले; आणि २०१९ चा तृतीयपंथी व्यक्तींविषयीचा केंद्रीय कायदा, ज्याच्या चौथ्या कलमात स्वतः जाणलेल्या ओळखीचा हक्क त्या वेळी नमूद होता. या दोहोंचे वजन किती, हे कटनीच्या उदाहरणावरून कळते. तेथे कमला जान स्त्रियांसाठी राखीव महापौरपदावर निवडून आल्या होत्या. परंतु कायद्याच्या दृष्टीने त्या पुरुष आहेत असे ठरवून ती निवड रद्द झाली व मध्य प्रदेश उच्च न्यायालयाने २००३ मध्ये ते कायम केले. कटनीत मतदारांनी निवडलेल्या व्यक्तीस न्यायालयाने दूर केले. भादलीत अधिकाऱ्याने दूर केलेल्या व्यक्तीस न्यायालयाने मतदारांपुढे आणले.

तरीही हा निर्णय केवळ गौरवाने वाचणे पुरेसे नाही. अर्जदाराने स्त्री ही ओळख स्वीकारली आहे. पुढे सार्वजनिक जीवनात लाभ मिळण्याचा प्रसंग आला, तरी तीच ओळख कायम ठेवावी, संधी साधण्यासाठी पुरुष या ओळखीकडे वळू नये, अशी अट न्यायालयाने घातली. आरक्षित जागेचा दुरुपयोग होऊ नये, ही काळजी समजण्यासारखी आहे. स्त्रियांच्या जागा दीर्घ प्रयत्नांती मिळालेल्या आहेत. पण राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या अन्य कोणत्याही स्त्रीकडून असे बंधन घेतले जात नाही. ओळख मान्य करतानाच ती लाभासाठी पांघरलेली असू शकेल, ही शंका निर्णयाच्या भाषेत शिल्लक राहते, आणि १८७१ च्या नोंदवहीची आठवण होते ती येथे. पदव्युत्तर वर्गात हा निर्णय शिकविताना विद्यार्थ्यांनी सर्वाधिक वेळ याच वाक्यापाशी द्यावा. अटीस न्यायालयाने एक अपवादही ठेवला होता : सार्वजनिक जीवनात तृतीयपंथीयांसाठी स्वतंत्र आरक्षण निर्माण झाले, तर अर्जदारास त्याचा आश्रय घेता येईल.